साठ पौंडांचा टणत्कार

सोमवारी सकाळी दहाच्या चहाला, कपात बिस्किट बुडवता बुडवता, पुरुषोत्तम आगाशे "मीही येतो" एवढंच म्हणाला. बिस्किट धड वर आलं असतं तर तोंड भरलेलं राहिलं असतं आणि पुढचा सगळा प्रकार टळला असता. पण ते कपातच गळून पडलं आणि तोंड रिकामं सापडलं.

विषय शिकारीचा होता. न्यूझीलंडात, पोरिरुआतल्या पुरुषोत्तमच्या ऑफिसात विरेमू नावाचा सर्वेअर होता, दारातून मान वाकवून आत येणारा, मोजकं बोलणारा माओरी माणूस. त्याच्या मामेभावाच्या डोंगरातल्या शेतावर रानबकऱ्यांनी उच्छाद मांडला होता. दर वर्षी ईस्टरला आणि ऑक्टोबरात, लेबर डेच्या जोडसुट्टीला, विरेमू ऑफिसातले दोघंतिघं घेऊन धनुष्यबाणाने त्यांची शिकार करायला जाई आणि परतल्यावर महिनाभर चहाला त्याच गप्पा चालत. पुरुषोत्तम नऊ वर्षं त्या गप्पा कडेला उभा राहून ऐकत होता. नऊ वर्षांत लोकांनी त्याला दोनच गोष्टींबद्दल विचारलं होतं, क्रिकेट आणि समोसे. क्रिकेट त्याला कळत नव्हतं आणि समोसे त्याची बायको अनुराधा करायची. आपल्यालाही कुणीतरी आपल्यातला समजावं, 'चल' म्हणावं, असं त्याला फार वाटे. ते किती वाटतं हे त्यालाही त्या सोमवारीच कळलं.

"धनुष्य चालवलंयस कधी?" विरेमूने विचारलं. (हे सगळं इंग्रजीत झालं, पण आगाश्यांची ऐट मराठीतच नीट उतरते.)

"आमच्याकडे ते रक्तातच असतं," पुरुषोत्तम म्हणाला. (त्याच्या रक्तात त्या वर्षी डॉक्टरांना फक्त थोडी जास्तीची साखर सापडली होती.)

"स्वीट ॲज," विरेमू म्हणाला. न्यूझीलंडमध्ये हे दोन शब्द उच्चारले गेले की सुपारी फुटली असं समजायचं. मग मागे फिरायची सोय राहत नाही.

घरी आल्यावर त्याने ही बातमी जरा छाती काढूनच सांगितली. अनुराधा फार्मसीत काम करते, त्यामुळे माणसाने आत्मविश्वासाने केलेली विधानं ऐकून घ्यायची तिला सवय आहे. तिने विचारलं, मारणार काय? तो म्हणाला, बकरा. मग तिने विचारलं, सोलणार कोण? एवढ्या खोलात तो गेला नव्हता. कोंबडीसुद्धा तुला हाडाशिवायची लागते, याची तिने आठवण करून दिली. त्यावर तो म्हणाला की आधी धनुष्य तर घेऊ दे, बकऱ्याचं पुढचं पुढे.

आता धनुष्य घेणं म्हणजे काय, हे आगाश्यांच्या घरात मिक्सर घेताना पाहिलेल्या माणसालाच समजेल. मिक्सरला अडीच महिने लागले होते. इथे शिकारीला सहा आठवडे उरले होते, तेव्हा पुरुषोत्तमने लगेच एक्सेल उघडलं. एक्केचाळीस धनुष्यं, तेवीस रकाने. ही धनुष्यं आपल्या डोळ्यांसमोर येतात तशी साधी नव्हेत. यांना कंपाउंड बो म्हणतात, दोन्ही टोकांना चाकं असतात आणि मधे दोऱ्यांचं जाळं. गंमत अशी की दोरी ओढताना सुरुवातीला जीव जातो, पण पूर्ण मागे आली की चाकं फिरतात आणि हातावरचं ओझं पाऊणपट कमी होतं. हे शास्त्र त्याने जेवताना तीन दिवस समजावून सांगितलं. चौथ्या दिवशी ईशा, म्हणजे त्याची तेरा वर्षांची लेक, म्हणाली, "बाबा, यू कान्ट ईव्हन ओपन द लोणचं."

"लोणच्याच्या बरणीला चाकं नसतात, बाळा," पुरुषोत्तम शांतपणे म्हणाला.

विरेमूने त्याला हट व्हॅलीतल्या शॅरनकडे पाठवलं. शॅरन म्हणजे निवृत्त पीटीची बाई. घरामागच्या लांबलचक शेडमध्ये ती धनुष्यं विकायची, दुरुस्त करायची आणि चालवायला शिकवायची. पुरुषोत्तम तेवीस रकान्यांची छापील प्रत आणि अनुराधाला घेऊन गेला. शॅरनने ती हातात घेतली, कौतुकाने पाहिली आणि तिच्यावर चहाचा मग ठेवला. मग तिने त्याचे हात पसरून मोजले आणि सांगितलं, दोन्ही पंजे पुढे धर, मधे लहानशी खिडकी कर आणि तिच्यातून माझ्या नाकाकडे बघ. त्याने बघितलं.

"तुझा डावा डोळा जोरकस आहे," ती म्हणाली. "नेम डाव्या डोळ्याचा, तर दोरी डाव्या हाताने ओढायची. तुला डावं धनुष्य लागेल."

पुरुषोत्तमला हे पटणं शक्यच नव्हतं. एक तर तेवीस रकान्यांत डोळ्याला रकानाच नव्हता. दुसरं म्हणजे, लहानपणी चुकून डावा हात पुढे गेला तर ज्याला तीर्थाऐवजी चापट मिळाली, ज्याने जन्मात डाव्या हाताने प्रसादाची साखर घेतली नाही, तो डाव्या हाताने शस्त्र चालवणार? तो हसून म्हणाला की आमच्याकडे शुभकार्य उजव्या हातानेच करतात. शॅरन म्हणाली, बाणाला ते कोण सांगणार? पण आगाशे बधले नाहीत.

मग वजनाचा प्रश्न आला, म्हणजे दोरी ओढायला किती पौंडांचा जोर लागतो त्याचा. शॅरनने पंचेचाळिसाचं दिलं. मानेच्या शिरा फुगवून त्याने ते ओढलं. छान आहे, हेच घे, असं ती म्हणाली. अनुराधाही म्हणाली. पुरुषोत्तमने सहज विचारल्यासारखं विचारलं, विरेमू किती ओढतो? सत्तर. मग मला साठ, असं त्याने जाहीर केलं. साठाचं धनुष्य पहिल्यांदा अर्ध्यावर आलं आणि तिथेच थांबलं. दुसऱ्यांदा त्याने ते छताकडे रोखलं, पाठीची कमान केली, एक पाय उचलला आणि ओढलं एकदाचं. शॅरनने धनुष्य काढून घेतलं आणि माझ्या शेडमध्ये कुणी आभाळावर नेम धरत नाही असं सांगितलं. पुरुषोत्तमने मात्र 'ओढता आलं' अशी नोंद केली.

शेवटी उजव्या हाताचं, साठ पौंडांचं, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं धनुष्य ठरलं. देताना शॅरनने एक नियम दोनदा सांगितला. बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही, कधीही नाही. बाण नसला की तो सगळा जोर धनुष्यातच राहतो आणि धनुष्य फुटतं. विमानात पट्टा कसा बांधायचा हे सांगतात तेव्हा आपण जशी मान हलवतो, तशी पुरुषोत्तमने हलवली. त्या वेळी तो पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर धनुष्याचा फोटो टाकत होता.

सराव घरामागच्या लॉनवर झाला. फोमचा एक ठोकळा, त्यावर काळं वर्तुळ, आणि बारा पावलांवर पुरुषोत्तम. दहापैकी सहा वेळा दोरी पूर्ण मागे येत नसे. ती आली की बाण ठोकळ्याच्या डावीकडून जाई. कारण वारा. वेलिंग्टनच्या बाजूला ही फार मोठी सोय आहे, कशालाही वारा हे कारण सांगितलं तर ऐकणारा मान डोलावतो. एक बाण रिसायकलिंगच्या बिनमध्ये शिरला, एक शेजाऱ्यांच्या लिंबाच्या झाडात. वारा वजा करून पुरुषोत्तमने आपली अचूकता ऐंशी टक्के काढली आणि विरेमूला तोच आकडा सांगितला.

त्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, दसरा नेमका गुरुवारी आला आणि शनिवारी शिकार. पुरुषोत्तमला यात दैवी योजना दिसली. परवा सीमोल्लंघन, मग आज शस्त्रपूजा नको? एरवी आगाश्यांकडे दसऱ्याला लॅपटॉप, विळी आणि गाडीची किल्ली पाटावर बसत. त्या दिवशी त्यांना बाजूला सरकवून मधोमध धनुष्य आलं. अनुराधाने त्याला मनापासून हळदकुंकू वाहिलं, चाकांना झेंडूऐवजी बागेतल्या पिवळ्या डेझीची माळ घातली आणि ओवाळलं. शिरीष आणि मृदुला हे मित्र नवरा-बायको जेवायला आले होते. श्रीखंडाच्या वाट्या भरून ठेवल्या होत्या आणि पुरुषोत्तमची बाण, वारा आणि बकऱ्यांचा स्वभाव या विषयांवर रसवंती वाहत होती.

शिरीषने तेवढ्यात म्हटलं, "अरे, नुसतं बोलतोयस काय? एकदा टणत्कार तर ऐकव."

लहानपणी देवळात ज्याने कीर्तन ऐकलंय त्याला टणत्कार सांगावा लागत नाही. वीर उभा राहतो, दोरी कानापर्यंत खेचतो आणि नुसतीच सोडतो. त्या आवाजाने शत्रूची छाती दडपते, दिशा दुमदुमतात. कीर्तनकारबुवा हे नुसत्या तोंडाने करायचे आणि पोरं दचकायची. पुरुषोत्तम तर पहिल्या रांगेत बसायचा.

तो उठला. धोतर सावरलं (हो, धोतर नेसला होता), धनुष्य डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताने दोरी ओढली. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच साठच्या साठ पौंड एका दमात, न थरथरता, सरळ कानापर्यंत आले. अनुराधाच्या चेहऱ्यावर क्षणभर खरंखुरं कौतुक उमटलं. त्याने ते पाहिलं. आयुष्यात याहून वर जायचं राहिलं नाही अशा थाटात त्याने दोरी सोडली.

टणत्कार झाला नाही. फाड् असा आवाज झाला, मग भिंतीवर काहीतरी आपटलं, मग खिडकीवर, आणि शेवटी शिरीषच्या श्रीखंडात एक स्क्रू पडला. धनुष्याची वरची पाती उभी चिरली होती, चाक वाकडं झालं होतं आणि दोरी डेझीच्या माळेसकट लोंबत होती. इजा कुणालाच झाली नाही, समईसुद्धा तेवत राहिली. शत्रूची छाती मात्र दडपली असावी, कारण शेजाऱ्यांचा कुत्रा पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवशी बाहेर आला.

"वॉज इट सपोज्ड टु डू दॅट?" ईशाने विचारलं.

"उत्तरपूजा झाली," मृदुला म्हणाली आणि स्क्रू चमच्याने बाजूला काढला.

पाहुणे गेल्यावर भांडी पुसता पुसता पुरुषोत्तमने विरेमूला सांगायची कारणं तयार केली. पाठ धरली. धनुष्य चोरीला गेलं. पुण्याहून अचानक पाहुणे येतायत. एकेक कारण तो अनुराधाला म्हणून दाखवत होता. ती म्हणाली, खरं काय ते सांग. तो म्हणाला, खरं सांगितलं तर परत जन्मात मला कुणी बोलावणार नाही. तिने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि उरलेली भांडी स्वतः पुसली.

शुक्रवारी दहाच्या चहाला तो पाठीवर हात ठेवून, किंचित वाकून शिरला. विरेमू कोपऱ्यात एक कागदी पिशवी घेऊन उभा होता. पिशवीत जाडजूड लोकरीचा, हिरव्या चौकटींचा जुना शर्ट होता. "डोंगरात गारठा असतो," विरेमू म्हणाला. "हा माझ्या डॅडचा. ते गेल्यापासून नुसता टांगलाय. तुला येईल."

पुरुषोत्तम सरळ उभा राहिला. आता या माणसाशी पाठदुखीचं खोटं बोलणं त्याच्याच्याने होईना. त्याने सगळं सांगितलं, डावा डोळा, साठ पौंड, हळदकुंकू, धोतर, टणत्कार, श्रीखंडातला स्क्रू.

विरेमूने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे तू आधी त्याची पूजा केलीस."

"हो."

"आम्हीही नव्या वस्तूवर कराकिया म्हणतो, प्रार्थना," विरेमू म्हणाला. "फक्त त्यानंतर ती फोडत नाही."

मग जे हसू फुटलं ते साडेदहापर्यंत चाललं. टणत्कार म्हणजे नेमकं काय हे दाखवायला लावून लोकांनी पुरुषोत्तमला दोनदा उभं केलं. शर्ट मात्र घेऊन जा, विरेमूने बजावलं. उद्या पहाटे पाच वाजता निघायचं आणि धनुष्य शॅरनकडे मागून बघ.

संध्याकाळी तो टॉवेलमध्ये गुंडाळलेलं धनुष्य घेऊन शॅरनकडे गेला. तिने टॉवेल उघडला आणि तिचा रंगच उडाला. पातीवर, दोरीवर, मुठीवर लालभडक डाग. ती फर्स्ट एडची पेटी घेऊन धावत आली, त्याला खुर्चीवर बसवलं आणि जखम कुठे आहे विचारत बाह्या वर करू लागली. ते रक्त नसून मानाचं कुंकू आहे, हे समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. मग शॅरनने भिंतीवरचं एक धनुष्य काढलं. जांभळ्या रंगाचं, चाळीस पौंडांचं, डावं. ते तिच्या नातीचं होतं आणि मुठीजवळ युनिकॉर्नचा स्टिकर होता.

पुरुषोत्तमने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि डाव्या हाताने दोरी ओढली. ती अलगद आली. वीस पावलांवरच्या वर्तुळात पहिला बाण बसला. दुसरा त्याच्याशेजारी. तिसरा दोघांच्या मधे. चौथा त्याने मारलाच नाही, विक्रम तिथेच थांबवलेला बरा असं त्याचं मत पडलं. त्याला भरून आलं होतं. जे धनुष्य त्याला शोभत होतं ते ठरायला सात मिनिटं लागली आणि रकाना एकही लागला नाही. जांभळं तर जांभळं, त्याने ते छातीशी धरून घरी आणलं.

घरी अनुराधा विरेमूच्या वडिलांचा शर्ट घेऊन बसली होती. गेलेल्या माणसाचं वस्त्र असं नुसतंच कसं अंगावर घालायचं, असं तिच्या मनात आलं. तिने तो देवापुढे ठेवला, नमस्कार केला आणि चंदनाचा आणि उदाचा धूप दिला, भरपूर, तासभर. शिवाय डोंगरात भूक लागेल म्हणून भाजणीच्या चकल्यांचा डबा भरला. ती सगळ्यांसाठी मनापासून करते, त्यात तिचा काही दोष नाही.

शनिवारी सात वाजता ते कड्यावरच्या झुडपांत दबा धरून बसले. खाली दरी, पलीकडच्या उतारावर नेहमी तीस-चाळीस बकऱ्या चरतात असं विरेमूने सांगितलं होतं. वारा यांच्या पाठीवरून दरीकडे जात होता. आठ वाजले, नऊ वाजले. बकरी काय, बकरीचं शेपूटही दिसेना. विरेमूने एकदा नाक वर केलं, मग पुरुषोत्तमच्या जवळ सरकला, मग त्याच्या खांद्याचा वास घेतला.

"हे काय आहे?"

"चंदन," पुरुषोत्तम म्हणाला. "आणि ऊद. तुझ्या डॅडसाठी. माझ्या बायकोने शर्टाला धूप दिलाय, मान म्हणून."

"डॅड पन्नास वर्षं मेंढ्यांचा वास घेऊन घरी यायचे," विरेमू हळूच म्हणाला. "मम फार खूश झाली असती." त्याने बाहीने डोळे पुसले आणि मग जागा बदलायची खूण केली. वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेल्यावर अर्ध्या तासात एक बकरा आलाच. काळा, दाढीवाला, एकटा. चाळीस पावलं, तीस. विरेमूने मानेनेच सांगितलं, हा तुझा.

पुरुषोत्तमने जांभळं धनुष्य उचललं. बकऱ्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि सोलणार कोण हा अनुराधाचा प्रश्न त्याला आठवला. त्याला थोडा धीर हवा होता. मघापासून गालात धरलेला चकलीचा तुकडा त्याने चावला. भाजणीची चकली मुकाट्याने खाता येत नाही, तेच तर तिचं वैशिष्ट्य. तो आवाज दरीत दुमदुमला आणि बकरा दोन उड्यांत पलीकडच्या डोंगरावर दिसला.

पुरुषोत्तमला मनातून इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्याने उरलेली चकली उघडपणे संपवली. मग विरेमूने एक मागितली, मग बाकीच्या दोघांनी डबाच घेतला. हात हलवतच सगळे परतले, पण गाडीत हसून हसून एकाला उचकी लागली.

मंगळवारी तो ऑफिसात गेला तेव्हा चहाच्या खोलीतल्या फळ्यावर ईस्टरच्या शिकारीची यादी लागली होती. पहिलं नाव त्याचं. विरेमूनेच लिहिलं होतं, ठळक अक्षरात. पुरुषोत्तमने फोटो काढला, पुण्याच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळी घरी मायलेकींना मोठा करून दाखवला. प्रत्येक नावापुढे ज्याने त्याने काय आणायचं ते होतं. कुणी तंबू, कुणी सुऱ्या, विरेमू धनुष्य आणि बर्फाची पेटी. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'काही नको.'

"बघा," पुरुषोत्तम म्हणाला, "मानाच्या पाहुण्याला रिकाम्या हाताने बोलवतात. ही इथली पद्धत दिसते."

अनुराधाने चष्मा लावला आणि फोन जवळ घेतला. "मानाच्या पाहुण्याला 'काही नको' म्हणतात खरं," ती म्हणाली, "पण त्याच्याखाली तीन रेघा मारत नाहीत."